उशीर कोणाचा?

दुखणे लांबते, मुलीचे लग्न जमत नाही, मृग कोरडा जातो. आणि घरातले वडीलधारे माणूस म्हणते, 'देवाच्या मनात येईल तेव्हा होईल.' या बोलण्याने मी स्वतः अनेकदा सावरलो आहे. याच बोलण्याने इतरांना गप्प बसवलेलेही पाहिले आहे. म्हणून त्याचा नीट विचार करावासा वाटतो.

वारकरी संप्रदायाच्या मुळाशीच ताटकळण्याची कथा आहे, आणि तिच्यात ताटकळतो तो देव. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता. दारी आलेल्या पांडुरंगाला त्याने उभे राहायला वीट दिली आणि हातातली सेवा चालू ठेवली. देव रागावला नाही, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. देवाची वाट पाहणाऱ्याने हातचे काम सोडायचे नसते, हे मला त्या विटेने शिकवले.

तुकोबांचे आयुष्य हेच सांगते. 1630च्या सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. दुकानदारी बुडाली, पहिली पत्नी रखमाबाई गेली, मुलगा संतूही गेला. त्या दुःखातून सावरताना त्यांनी काय केले? परंपरा सांगते, की सावकारीच्या कागदांतला भावाचा वाटा त्याला देऊन आपला वाटा त्यांनी इंद्रायणीत सोडला. गांजलेल्या कुळांची सुटका त्यांच्या हाती होती. त्यासाठी ते देवाच्या वेळेची वाट पाहत बसले नाहीत.

पुढे त्याच इंद्रायणीत त्यांना आपल्या अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या. आता हाती करण्यासारखे काही उरले नव्हते. तेव्हा ते नदीकाठी तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसून राहिले. वह्या कोरड्या वर आल्या, असे भाविक मानतात. लोकांना अभंग तोंडपाठ होते म्हणून ते तरले, असे काही अभ्यासक म्हणतात. मला या दोहोंत भांडण दिसत नाही. लोकांच्या मुखातून तरले म्हणून देवाचे देणे उणे होत नाही.

नदी एकच, पण पहिल्या वेळी तुकोबांनी आपल्या हाताने केले आणि दुसऱ्या वेळी हात टेकले तेव्हा भरवसा ठेवला. आपल्या हातचे काय आणि देवाच्या हातचे काय, एवढे ओळखता आले तर उशीर सोसवतो.

हे ओळखण्यात चूक झाली की काय होते, तेही पंढरपुरातच दिसते. चोखोबांना मंदिरात पाऊल ठेवता आले नाही. 1338मध्ये मंगळवेढ्याला गावकूस कोसळून त्यांचा अंत झाला, आणि त्यांची समाधीही महाद्वाराबाहेरच राहिली. ते दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजी 1 मे 1947 रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले. 10 मे रोजी उपोषण सुटले आणि अस्पृश्यांच्या प्रवेशाची वाट मोकळी झाली. मधे सहाशे नऊ वर्षे गेली. विठ्ठल तर विटेवर उभाच होता. कडी माणसांनी लावली होती, उशीरही माणसांचाच होता. तो देवाच्या नावावर खपवणे हे पाप आहे.

साने गुरुजी देवाला मानणारे होते, म्हणूनच ते उपाशी बसले. श्रद्धा माणसाला स्वस्थ बसवते, हा आरोप त्यांच्याकडे पाहिले की टिकत नाही. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण आळशाला टोमणा मारण्यासाठी आहे; तिला भक्ती समजू नये.

'देवाची वेळ' हे शब्द माणसाने स्वतःच्या दुःखाला सांगावेत. औषधपाणी झाले, पेरणी झाली, अर्ज-विनंत्या झाल्या, आता रात्र काढायची आहे, तेव्हा त्यांच्याइतका उबदार आधार दुसरा नाही. दुसऱ्याच्या दुःखाला मात्र ते ऐकवू नयेत. आपल्या दारी कोणी खोळंबलेले असेल, तर देवाकडे बोट दाखवण्याआधी उठून कडी काढावी.