खिडकीचे वजन

अंतराळात जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला आधी वजनकाट्यावर चढावे लागते आणि मग ‘हे हवेच का?’ या प्रश्नाला सामोरे जावे लागते. अमेरिकेचे पहिले अंतराळस्थानक ‘स्कायलॅब’ आखले जात होते तेव्हा हा प्रश्न एका खिडकीच्या वाट्याला आला. अभियंत्यांना ती नको होती. भक्कम कवचाला भोक पाडायचे म्हणजे वजन वाढणार, जोखीमही वाढणार. पण राहण्याची जागा कशी असावी, हे सुचवण्यासाठी नेमलेले डिझायनर रेमंड लोवी यांनी आग्रह सोडला नाही. १९७३ मध्ये स्कायलॅब झेपावले ते खिडकीसह. तिथल्या शेवटच्या तुकडीने सलग ८४ दिवस काढले. सवड मिळाली की अंतराळवीर त्या खिडकीशी जात आणि पृथ्वी न्याहाळत राहत. जेवायचे टेबलही त्रिकोणी होते. तिघांत कुणाचेच पान मानाचे नको, एवढा विचार त्यामागे होता.

अंटार्क्टिकावरच्या ‘हॅली सहा’ या ब्रिटिश संशोधन केंद्राची गोष्टही अशीच. समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या थरावर ते हायड्रॉलिक पायांवर उभे आहे. पायांना खाली स्की आहेत, म्हणजे वेळ आली तर अख्खे केंद्र ओढून दुसरीकडे नेता यावे. हिवाळ्यात तिथे शंभराहून अधिक दिवस सूर्य उगवत नाही. थंडीवाऱ्याशी झुंजण्याची एवढी तयारी करताना वास्तुकारांनी आणखी एक काळजी घेतली. आत सीडरचे लाकूड वापरले, ते त्याच्या सुगंधासाठी. मैलोन्‌मैल एकही झाड नसलेल्या प्रदेशात झाडाचा वास हीसुद्धा गरजच!

जिथे किलोकिलोचा हिशेब होतो, तिथेही प्रकाशाला, सुवासाला आणि सोबतीच्या जेवणाला जागा मिळाली. आपण मात्र पुनर्वसनाच्या इमारती, मजुरांच्या खोल्या, वसतिगृहे बांधताना सहज म्हणून जातो, ‘डोक्यावर छप्पर आहे ना, पुरे झाले.’ हवा-उजेड चैनीच्या यादीत ढकलला जातो. परिस्थिती जितकी खडतर, तितका माणसाच्या मनाला आधार जास्त लागतो. इतरांची घरे आखण्याचे काम ज्यांच्या हाती आहे, त्यांनी तिथे आपलेच आईवडील राहणार आहेत, असे मनात धरून कागदावर पहिली रेघ ओढावी.