आधार घेणे हाही धर्मच



श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास पाच कारणे सांगितली आहेत. अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता म्हणजे जीव, करणे म्हणजे नाना प्रकारची साधने, चेष्टा म्हणजे निरनिराळे व्यापार, आणि पाचवे दैव. भाष्यकारांनी ‘करण’ या पदाने मुख्यतः इंद्रिये घेतली आहेत. तथापि ज्याच्या योगाने कार्य घडते ते करण, हा त्या शब्दाचा सरळ अर्थ होय. ही पाच कारणे असता जो केवळ आपणालाच कर्ता समजतो, त्याला खरे दिसत नाही, असा निर्वाळाही भगवंत तेथेच देतात. हा सिद्धांत आज एका अगदी घरगुती प्रसंगास लावून पाहू.

घरातील वडीलधारे मनुष्य न्हाणीघरात घसरून पडते आणि खुब्याचे हाड मोडते. अथवा वर्षानुवर्षांच्या संधिवाताने खुब्याचा सांधाच झिजून जातो. शस्त्रक्रिया होते आणि रुग्ण घरी येतो. शस्त्रक्रिया ही शल्यवैद्याची विद्या. रुग्णाची साधना सुरू होते ती घराच्या उंबरठ्यापासून. वॉकर, हातांची उंच खुर्ची, शौचकूपावरील उंच बैठक, स्नानाचे स्टूल, अशी साधने घरात येतात, आणि आजोबा म्हणतात, “आजवर कोणाच्या आधाराने चाललो नाही, आता या लोखंडी घोड्याला धरून चालू?” आजी म्हणतात, “खुर्चीवर बसून देवपूजा? ती पूजा देवाला कशी पोचेल?” हे बोल वरवर स्वाभिमानाचे आणि निष्ठेचे वाटतात. परंतु आत शोधून पाहिले, तर पाच कारणांपैकी चार पुसून एकट्या ‘मी’लाच उभे करण्याचा तो खटाटोप आहे.

साधनाचा आधार घेण्यात कमीपणा असता, तर ऋग्वेदातील ऋषींनी विश्पलेची कथा गौरवाने गायिली नसती. पहिल्या मंडलाच्या ११६व्या सूक्तात येते की, खेलाच्या युद्धात विश्पलेचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला पुन्हा चालता यावे म्हणून लोहाचा पाय बसविला. त्यावरून त्या काळच्या शल्यविद्येविषयी मोठाले दावे करण्याचे कारण नाही. आपण घ्यावयाचा बोध एवढाच की, धातूचा पाय ही लज्जेची गोष्ट नसून देवांची कृपा आहे, असे त्या ऋषीस वाटले. आपल्या काळात १९६२ साली इंग्लंडातील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी धातूचा लहान गोल व प्लास्टिकची वाटी यांचा कृत्रिम खुबा यशस्वी करून दाखविला. आजची सांधाबदलाची शस्त्रक्रिया त्याच पायावर उभी आहे. धातूचा सांधा शरीरात स्वीकारावयाचा आणि हातात वॉकर धरावयास लाजावयाचे, ही कोठली संगती?

आता पथ्याचा विचार. चातुर्मासात आपण कांदा-लसूण सोडतो, वांगे वर्ज्य करतो, आणि चार महिने तो नेम मोडत नाही. खुब्याचा सांधा बदलल्यानंतरचे पहिले ६ ते १२ आठवडे हेही एक व्रतच मानावे. खुबा ९० अंशांपेक्षा अधिक वाकवू नये. पायावर पाय टाकू नये. पाय आतल्या बाजूस वळवू नये. शस्त्रक्रियेच्या पद्धतीनुसार हे नियम बदलतात. म्हणून आपल्या वैद्याची आज्ञा तीच प्रमाण. नियम मोडला तर नवा सांधा निखळण्याचे भय असते, आणि जमिनीवर मांडी घालणे, पाटावर बसणे, पडलेली जपमाळ वाकून उचलणे या आपल्या नित्याच्याच क्रियांत तो मोडतो. म्हणूनच गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील एवढी उंच खुर्ची, लांब दांड्याचा चिमटा, मोजे चढविण्याचे साधन, निजताना दोन पायांमधील उशी, ही त्या व्रताची उपकरणे समजावी.

चालण्याचाही क्रम आहे. आधी वॉकर पुढे, मग शस्त्रक्रियेचा पाय, मग दुसरा. पुढे काठी आली की ती शस्त्रक्रियेच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. सांगितलेला व्यायाम हीच येथे चेष्टा. ती अतिरेकानेही बिघडते आणि आळसानेही. आहारविहारात युक्तपणा असावा, हे सहाव्या अध्यायातील तत्त्व येथे अक्षरशः लागू पडते. मात्र पोटरी सुजून दुखू लागली, श्वास कोंडला, जखमेतून स्राव आला अथवा ताप चढला, तर अंगारा लावून वाट पाहू नये. तत्काळ वैद्यास गाठावे.

राहिली आजींची शंका. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे निरूपण केले आहे. श्रवणापासून आत्मनिवेदनापर्यंत त्या नऊंपैकी एकही भक्ती मांडी घातल्यावाचून अडत नाही. देव्हारा टेबलावर ठेवावा आणि खुर्चीवर बसून पूजा करावी. साष्टांग नमस्काराऐवजी हात जोडावे. प्रदक्षिणा मनाने घालावी. मानसपूजा ही कनिष्ठ पूजा नव्हे. अष्टावक्र ऋषींचे शरीर आठ ठिकाणी वाकडे होते, तरी जनकाच्या सभेत ज्ञानाचा मान त्यांना मिळाला. देव शरीराची घडी पाहत नाही.

कुटुंबीयांचा धर्मही सांगितला पाहिजे. रुग्ण येण्यापूर्वी वाटेतील सतरंज्या व पायपुसणी उचलावी, न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा आणि खाली न घसरणारी रबरी चटई बसवावी, रात्री दिवा ठेवावा. परंतु प्रेमाच्या भरात त्यांचे प्रत्येक काम हातातून काढून घेऊ नये. चार पावले त्यांची त्यांना चालू द्यावी, आपण शेजारी असावे. सेवा म्हणजे दुसऱ्याचे कर्तेपण हिरावणे नव्हे.

मंदिराचे कर्तव्यही याच प्रकारचे आहे. सभामंडपात भिंतीलगत चार उंच खुर्च्या, पायऱ्यांना कठडा, आणि रबरी टोक पुसून घेतलेली काठी आत नेण्यास मोकळीक, एवढे केले तर किती वृद्ध भाविकांना पुन्हा देवदर्शन घडेल! संन्याशाच्या दंडाला आपण नमस्कार करतो. मग म्हाताऱ्याच्या काठीला विटाळ कसला?

कमान बांधताना गवंडी खाली लाकडी आधार देतो. चुना धरला की तो काढतो. धरण्याआधी काढला तर कमान कोसळते. साधनांचेही तसेच. काहींचा वॉकर सुटेल, काहींची काठी जन्मभर राहील. सुटली तर अभिमान नको, राहिली तर खेद नको. दैव हे पाचवे कारण आपल्या हाती नाही. पहिली चार मात्र आपण सांभाळावयाची आहेत.

आधार घेण्याची नम्रता आणि आधार देण्याची बुद्धी श्रीप्रभू आपणा सर्वांस देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना. इत्यलम्.