सफर कुणाची?

आपल्या समाजात 'परदेश' हा शब्द दोन पिढ्या दोनच अर्थांनी वापरला गेला. एक हज आणि दुसरा नोकरी. हजला माणूस जाई तो बहुधा उतारवयात, मुलींची लग्ने उरकून, देणी फेडून, भाऊबंदांकडून कहासुना माफ करून घेऊन. नोकरीला जाई तो ऐन तारुण्यात, एजंटाचे पैसे उभे करण्यासाठी बायकोचे दागिने गहाण टाकून. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखातात बांधकामे निघाली आणि रत्नागिरी-रायगडच्या गावागावांतून, आपल्या कोल्हापूरच्या मोहल्ल्यांतूनही माणसे तिकडे गेली. या दोन्ही प्रवासांत लहान मुले नसत. मुले दारात उभी राहून निरोप देत.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या शब्दाला तिसरा अर्थ आला आहे, तो सुट्टीचा. पूर्वी पासपोर्टसाठी पुण्याला खेटे घालावे लागत. आता ती सोय कोल्हापुरातच पोस्टात झाली आहे. टूरवाले 'उमरा आणि दुबई' असा जोडबेत आखून देतात. शिक्षक, दुकानदार, बँकेतले कारकून अशी मंडळी दोन-तीन वर्षांची मुले कडेवर घेऊन मुंबईच्या विमानतळावर उभी दिसतात. आम्हीही त्यांतलेच. चार वर्षे पगारातून बाजूला टाकून आम्ही पाच वर्षांचा मुलगा आणि अडीच वर्षांची मुलगी यांना घेऊन उमरा केला आणि परतताना चार दिवस दुबईत राहिलो. आमचा बेत कळला तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला : "एवढ्याशा पोरांना तिथलं काय कळणार आहे? पैसा पाण्यात." पुष्कळ घरांत हाच प्रश्न विचारला जातो आणि तरुण मंडळी तो हसण्यावारी नेतात. आम्हाला तो हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. त्यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. असा खर्च करण्याचा आपल्याला अधिकार आहे का? आणि जी मुले हा प्रवास विसरूनच जाणार आहेत, त्यांना नेणे म्हणजे नेमके कुणाची हौस भागवणे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दीनमध्ये शोधू गेल्यास ते एका शब्दात मिळत नाही. कुरआन जमिनीवर फिरायला, होऊन गेलेल्यांचे काय झाले ते पाहायला आणि त्यातून इब्रत घ्यायला वारंवार सांगतो. शरीअतीने मुसाफिराला सवलती दिल्या आहेत. त्याच्या चार रकात दोन होतात, रमजानचा रोजा पुढे ढकलता येतो. ज्या धर्माने प्रवाशाची एवढी काळजी घेतली, त्याला प्रवास नकोसा असेल असे म्हणता येत नाही. पण त्याच कुरआनने उधळपट्टी करणाऱ्यांची गणना सैतानाच्या भावंडांत केली आहे, आणि खर्चात हात सैल सोडणारा व मूठ आवळून धरणारा या दोघांच्या मधली वाट चांगल्या बंद्यांची म्हणून सांगितली आहे. म्हणजे इस्राफची सीमा रुपयांत आखून दिलेली नाही. एकाच्या बाबतीत जो खर्च उधळपट्टी ठरेल, तोच दुसऱ्याच्या बाबतीत घरच्यांचा हक्क ठरू शकेल.

तरीही काही गोष्टी निश्चित सांगता येतात. ऐपत नसेल तर हजसुद्धा फर्ज होत नाही. असे असताना कर्ज काढून, महिन्याच्या हप्त्यांवर सहल करणे कोणत्या हिशेबात बसते? आजकाल अशी कर्जे सहज मिळतात आणि सुट्टी आठ दिवसांत संपली तरी हप्ते दोन वर्षे चालतात. तसेच बहिणीचे औषधपाणी अडले असेल, भावाच्या मुलाची फी थकली असेल, घरकाम करणाऱ्या बाईची मजुरी द्यायची राहिली असेल, तर ती देणी आधी. एवढे झाल्यावर जे उरते ते आपल्या मुलाबाळांवर खर्च करायला कुणाची आडकाठी नसावी. आपल्या शरीराचा आणि घरच्यांचाही आपल्यावर हक्क आहे, अशी हदीसची शिकवण आहे. वर्षभर वह्या तपासणाऱ्या आईबापांनी आठ दिवस मुलांबरोबर काढणे हा त्या हक्काचाच भाग आहे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. बी.एड.च्या अभ्यासात आम्ही पियाजेच्या अवस्था पाठ केल्या होत्या. दोन वर्षांपर्यंतचे मूल स्पर्श आणि हालचालींतून जग ओळखते. सातव्या वर्षापर्यंत ते स्वतःच्या नजरेपलीकडे सहसा पाहू शकत नाही. मोठेपणी आपल्याला साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या आधीचे काही आठवत नाही, हे मानसशास्त्राने मान्य केले आहे. तेव्हा आमची मुलगी मोठी होईल तेव्हा तिच्या मनात ना काबा असेल, ना समुद्रकाठचे ते चकचकीत शहर. वडीलधाऱ्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे.

पण मुलांना न नेता जग पाहणाऱ्यांचे काय होते, हेही पाहू. इस्लामी जगातला सर्वांत मोठा प्रवासी इब्न बतूता. १३२५ साली, एकविसाव्या वर्षी, टँजियरहून तो हजसाठी एकटा निघाला आणि जवळजवळ तीस वर्षे फिरत राहिला. मुहम्मद तुघलकाच्या दिल्लीत तो काझी होता. आपल्या दौलताबादलाही येऊन गेला. १३५५ मध्ये पुरा झालेला त्याचा वृत्तांत आजही अभ्यासला जातो. त्याच वृत्तांतात त्याची मुलेही आहेत, पण अगदी काही ओळींपुरती. दिल्लीत त्याची वर्षाच्या आतली मुलगी वारली. दमास्कसला तो गरोदर पत्नीला मागे ठेवून गेला होता. १३४८ मध्ये परत आला तेव्हा समजले की तिला झालेला मुलगा बारा वर्षांपूर्वीच मरण पावला. त्याने त्या मुलाचे तोंडही पाहिले नव्हते. मालदीव बेटांवर दोन वर्षांच्या मुलाला भेटायला तो मुद्दाम गेला, आणि त्याला आईपाशीच ठेवून पुढे निघाला. त्याने जग पाहिले. त्याच्या मुलांनी त्याला पाहिले नाही. त्याला दोष देण्याचा आमचा अधिकार नाही, तो काळच वेगळा होता. पण मुलांना बरोबर घ्यायचे ठरवले की जग कमी दिसणार, हे त्याच्यावरून समजते. त्या कमी दिसण्याला आपण तयार आहोत का?

मक्केत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. सफा आणि मरवा यांच्यातले अंतर सुमारे साडेचारशे मीटर आहे. सात फेऱ्यांचे मिळून तीन किलोमीटरहून अधिक होते. कडेवर पेंगणारे मूल घेऊन हे अंतर चालताना खांदा भरून येतो आणि मनात येते की मुले नसती तर इबादतीत लक्ष लागले असते. पण ही सई आली कुठून? त्या निर्जल दरीत तान्हे मूल घेऊन राहिलेल्या हजरत हाजरा पाण्यासाठी या टेकडीवरून त्या टेकडीकडे धावल्या, त्यातून. एका परक्या ठिकाणी एका बाळाला तहान लागली आणि त्याची आई धावली. त्या धावण्याला अल्लाहने कयामतपर्यंतच्या यात्रेकरूंची इबादत करून ठेवले. जिथे उमऱ्याचा एक विधीच मुलाच्या तहानेतून आलेला आहे, तिथे मूल इबादतीच्या आड येते असे कसे म्हणायचे?

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या दोन हदीस इथे आठवतात. एका स्त्रीने आपले मूल उचलून धरून विचारले, याचाही हज होतो का? त्यांनी होय म्हटले आणि तिलाही त्याचे पुण्य मिळेल असे सांगितले. दुसऱ्या हदीसनुसार नमाज लांबवण्याचा विचार असतानाही जमातीत एखादे मूल रडताना ऐकू आले की ते नमाज आटोपती घेत, कारण त्या मुलाच्या आईच्या जिवाची घालमेल त्यांना कळे. इमामाने आपला वेग मुलासाठी बदलला. मग सहलीला निघालेल्या आईबापांनी तो का बदलू नये?

प्रत्यक्षात उलट घडताना दिसते. फोटोच्या वेळी मूल हसले नाही म्हणून त्याला दटावले जाते. दुपारी झोपेने डोळे मिटत असताना त्याला एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत ओढले जाते, कारण तिकिटे आधीच काढलेली असतात. आमचा मुलगा मक्केत हरमबाहेरच्या कबुतरांपाशी पाऊण तास बसला. कबुतरे काय, आपल्या घराच्या गच्चीवरही येतात! एवढा खर्च करून आलो आणि हा कबुतरे पाहतो, असे मनात आल्याशिवाय राहत नाही. पण त्याच्या दृष्टीने ती पाऊण तासाची कबुतरे हाच प्रवास होता, आणि त्या पाऊण तासात आईबाप दोघेही कुठे जायची घाई न करता त्याच्या शेजारी जमिनीवर बसले होते. घरी असे कधी होते? मुलाला ठिकाण आठवणार नाही. पण अनोळखी जागी, थकलेल्या अवस्थेत, रांगेत कुणी धक्का दिल्यावर आपले आईबाप कसे वागले, त्याचा काही अंश त्याच्या स्वभावात उतरतो. यालाच आपण तरबियत म्हणतो, आणि तिच्यासाठी आठवण असावी लागत नाही.

आता दुबईविषयी. तिथे २०१० साली खुली झालेली ८२८ मीटर उंचीची बुर्ज खलिफा आहे, आणि ती बांधणाऱ्या हातांत आपल्या उपखंडातले हात फार मोठ्या संख्येने होते. याच शहराच्या कडेला मजुरांच्या छावण्यांची एक वस्ती आहे. हिंदी-उर्दू बोलणारे तिला सोनापूर म्हणतात. मराठी माणूस हे नाव ऐकून दचकतो, कारण मुंबईत सोनापूर म्हणजे मसणवटा. एका संध्याकाळी बागेत झाडांना पाणी घालणारा एक माणूस आमचे बोलणे ऐकून जवळ आला. कोकणातला होता. त्याने आमच्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवू का, असे विचारले. त्याची मुलगी तिच्याच वयाची होती आणि तिला त्याने फक्त मोबाईलवर पाहिले होते.

तिथले नियम काय सांगतात ते पाहा. २०१८ साली संयुक्त अरब अमिरातीने निर्णय घेतला की १५ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात पालकांबरोबर येणाऱ्या अठरा वर्षांखालील मुलांना पर्यटक व्हिसाचे शुल्क पडणार नाही. आणि कामगाराला आपले कुटुंब तिथे राहायला आणायचे तर २०१९ च्या नियमानुसार महिना किमान ४००० दिरहम, किंवा ३००० दिरहम आणि राहण्याची जागा, एवढी कमाई हवी. बागेत पाणी घालणाऱ्याला ती कुठून असणार? पैसे खर्च करायला आलेल्याच्या मुलाला दार उघडे आणि घाम गाळायला आलेल्याच्या मुलाला बंद. हा दोष एकट्या दुबईचा मानून आपण सुटत नाही. आपल्या शहरात ऊसतोडीला आणि बांधकामावर आलेल्यांची मुले कुठे झोपतात, हे आपणही पाहत नाही.

आम्हा शिक्षकांना हा प्रश्न वर्गात भेटतो. सुट्टीनंतर 'माझी सुट्टी' हा निबंध लिहून घेण्याची पद्धत आहे. एकाच बाकावर दोन मुले असतात. एकासाठी दुबई म्हणजे काचेमागचे मासे आणि उंच इमारत. दुसऱ्यासाठी दुबई म्हणजे रात्री साडेनऊला वाजणारा फोन. पहिल्याने आपला निबंध मोठ्याने वाचला की दुसरा वहीत मान घालतो. म्हणून आम्ही आता 'सुट्टीत काय पाहिले' असे विचारत नाही. 'सुट्टीत कुणाला मदत केली' किंवा 'कुणाची आठवण आली' असे विचारतो. या विषयावर दोघांनाही लिहिता येते, आणि बहुधा दुसरा अधिक चांगले लिहितो.

परदेशात असताना मागे राहिलेल्यांना विसरू नये, याचा दाखला कोल्हापूरकरांना दूर शोधावा लागत नाही. १९०२ साली राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले होते. ते तिकडे असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर संस्थानाच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. पुढे १९०६ मध्ये त्यांनीच मुस्लिम बोर्डिंगचा पाया घातला, जिथे राहून आपल्यापैकी कितीतरी घरांतले आजे-पणजे शिकले. आपण राजे नाही आणि आपल्या हातात हुकूम काढणे नाही. पण राजवाड्यांच्या आणि मेजवान्यांच्या देशात असतानाही ज्याचे लक्ष घरच्या गरिबांवर असते, त्याचा प्रवास गावाच्या उपयोगी पडतो, एवढे त्यातून घेता येते.

तेव्हा कुणी शेजारी लहान मुले घेऊन परदेशी जाण्याचा बेत करत असेल, तर त्याला आम्ही अडवणार नाही. खुशाल जा म्हणू. फक्त कर्ज काढून जाऊ नका आणि कुणाचे देणे थकवून जाऊ नका. मुलाच्या वेगाने चाला, दिवसाला एकच ठिकाण पुरे. झाडू मारणाऱ्याला, बाग शिंपणाऱ्याला मुलाकडून सलाम करवा. तो बहुधा आपल्यापैकीच कुणाचा तरी बाप असतो. परत आल्यावर फोटो दाखवण्याआधी त्याच्या घरी निरोप आणि थोडा खजूर पोचवा. ज्या घरी फोनची वाट पाहणारे मूल आहे, तिथे गेल्यावर इमारतींचे वर्णन करू नका. त्याच्या अब्बांच्या शहरात ऊन किती असते आणि ते किती कष्ट करतात, तेवढे सांगा. आपल्या मुलाला शेजारी बसवून सांगा, म्हणजे ज्या प्रवासाची त्याला आठवण उरणार नाही, त्यातले हे एवढे तरी त्याच्या कानावर पडेल.