धुऱ्यावरचं सरपण

पुसदकडची थंडी मुक्कामाला फार दिवस राहत नाही. पण पौषातल्या चार-आठ रात्री पूस नदीच्या काठानं अशी वर सरकते, की पहाटे वावरात गेलेला माणूस बोटं काखेत घालून उभा राहतो. त्या दिवसांत घराला विस्तव दोन कामांसाठी लागतो. सकाळी आंघोळीच्या पाण्याला आणि रात्री अंगणातल्या शेकोटीला. गॅस आमच्याकडे आहे. चहा-भाजी त्याच्यावर होते. पण आठ माणसांचं पाणी त्याच्यावर तापवलं तर चौदा किलोची टाकी महिना काढत नाही. म्हणून सरपण भरून ठेवावंच लागतं.

बाभूळ, हिवर मिळाला तर उत्तम. धावड्याचा निखारा रात्रभर राहतो. पण डोंगरातलं लाकूड जंगल खात्याचं, आणि धुऱ्यावरच्या बाभळी आपणच तोडून संपवल्या. बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. राहता राहिली पऱ्हाटी. कापूस वेचून झाल्यावर कपाशीचं जे वाळकं झाड उभं असतं, ती पऱ्हाटी. चिमट्यानं उपटायची, पेंढ्या बांधायच्या, बैलगाडीत घालून घराजवळ नाही तर धुऱ्यावर रचून ठेवायची. माघात रचलेला ढीग पावसाळा काढतो आणि पुढच्या थंडीलाही पुरतो. माझ्या बापानं हेच केलं, मीही वर्षानुवर्षं केलं. सरपण रचण्यात पापपुण्याचा काही प्रश्न असेल, असं कधी मनात आलं नाही.

तो प्रश्न 2017 च्या हंगामात आला. गुलाबी बोंडअळीनं त्या साली विदर्भातला कापूस खाल्ला. बोंड वरून हिरवंगार, टणक. फोडलं की आत सरकी कुरतडलेली, रुई पिवळी पडलेली. अळी आत शिरते आणि तिचं भोक बुजून जातं, त्यामुळं बाहेरून काही कळत नाही. 2002 साली बीटी कपाशी आली तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आता बोंडअळीचं काम संपलं. या अळीनं ते विषही पचवलं.

मग गावोगाव सभा झाल्या, पत्रकं वाटली. कृषी खात्याचे लोक आणि विद्यापीठाचे शास्त्रज्ञ एकच सांगत होते. फरदड घेऊ नका, म्हणजे वेचणी झाल्यावर पाणी देऊन पऱ्हाटी उभी ठेवू नका. डिसेंबरअखेर वावर मोकळं करा. आणि पऱ्हाट्यांचे ढीग वावरात, धुऱ्यावर, घराजवळ रचू नका. वाळक्या पऱ्हाटीला न फुटलेली किडकी बोंडं लटकलेली असतात. त्यांत अळी झोपून राहते. अख्खा उन्हाळा ती तशीच काढते आणि पाऊस पडला की पतंग होऊन नव्या कपाशीवर जाते. कापूस हेच तिचं मुख्य खाणं. मधले काही महिने तिला आसरा मिळाला नाही, तर तिची साखळी तुटते. तो आसरा आम्ही तिला पेंढ्या बांधून देत होतो.

माझा ढीग शेजाऱ्याच्या धुऱ्याला लागून होता. त्या साली डोमकळ्या, म्हणजे अळी लागलेली मिटकी फुलं, माझ्याआधी त्याच्या वावरात दिसल्या. तो मला कधी एक शब्द बोलला नाही. बहुतेक त्याच्या मनातही आलं नसेल. माझ्या मनात मात्र आलं, आणि मी ते लगेच दाबून टाकलं. म्हटलं, पतंगाच्या पंखावर कोणाचं नाव लिहिलेलं असतं का? गावात घरोघर ढीग आहेत. माझ्या एका ढिगानं काय होणार? आणि वावर माझं, पऱ्हाटी माझी, सातबारा माझ्या नावाचा.

पुढची दोन वर्षं मी तसाच ढीग रचला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे.

हे डोक्यात नीट बसलं ते नातीच्या एका खेळण्यामुळं. जानेवारीची रात्र होती. दिवसभर पऱ्हाटी उपटून कंबर धरली होती. अशा वेळी झोपही येत नाही. पूर्वी शेकोटीभोवती कोडी घालण्यात रात्र जायची. आता पोरं मोबाइल धरून बसतात. नातीनं मात्र एक पुठ्ठ्याचा डबा आणला. महाराष्ट्राचा नकाशा, एकेक जिल्हा कापून वेगळा केलेला. ते तुकडे चौकटीत जोडायचे. अशा जोडकोड्यांची सुरुवातच नकाशांपासून झाली म्हणतात. 1760 च्या सुमारास लंडनच्या जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे कोरणाऱ्यानं लाकडावर नकाशा चिकटवून देशांच्या सीमांवरून करवत फिरवली, ती शाळेतल्या मुलांना भूगोल शिकवायला.

मला वाटलं, हे काय अवघड आहे! पण मी शाळेत शिकलो ते 26 जिल्हे, डब्यात होते 36. माझ्या डोक्यातल्या यवतमाळच्या पश्चिमेला अकोला आणि परभणी. नातीच्या नकाशात तिथं वाशिम आणि हिंगोली. पुसद जिल्ह्याची मागणी जुनीच आहे. ती मान्य झाली असती तर माझी आणखी पंचाईत झाली असती. मी हिंगोलीचा तुकडा अंगठ्यानं दाबून बसवायला लागलो, तशी नात म्हणाली, "आबा, दाबू नका. आधी शेजारचे बसवा, मग तो आपोआप बसते."

मी हात काढला. अमरावती, वर्धा, चंद्रपूर, नांदेड असे एकेक लावत गेलो. यवतमाळची जी कड आत गेली होती, तीच वर्ध्याची बाहेर आलेली होती. दोन तुकड्यांत रेघ एकच. ती माझी की त्याची, असं विचारायला जागा नाही. मला आमचा धुरा आठवला. सातबाऱ्यावर माझं क्षेत्र लिहिलेलं असतं, पण धुरा दोघांचा असतो. त्याच्यावर मी जे ठेवतो, ते निम्मं त्याच्या वावरात ठेवलेलंच असतं.

त्या रात्री माझ्या तिन्ही सबबी मी पुन्हा तपासल्या. पुरावा नाही, ही सबब कोर्टात चालेल, पण मला माहीत असलेली गोष्ट पुरावा नाही म्हणून खोटी होत नाही. सगळेच रचतात, हे तर शेजारीही म्हणू शकतो. सगळ्यांनी मिळून केलेल्या नुकसानीत माझा वाटा लहान असेल, पण तेवढा तर माझा आहे. आणि वावर माझं म्हणावं, तर अळी माझी नाही असं म्हणता येत नाही.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "लोकाच्या वावराची काळजी करता, अन् घरच्या पान्याचं काय?" तिचंही चूक नव्हतं. पहाटे उठून पाणी तीच तापवते.

मी ठरवलं, पऱ्हाटी वावरातच यंत्रानं बारीक करून मातीत घालायची. पण एक बाई दरवर्षी आमची पऱ्हाटी उपटून नेते. पूर्वापार रीत अशी, की उपटायची मजुरी द्यायची नाही, अर्धी पऱ्हाटी तिनं न्यायची. तिला ना वावर ना धुरा. शेगडी आहे, पण टाकी भरून आणायला पैसे नसतात. मी यंत्राचं बोललो, तशी ती गप्प झाली. शेजाऱ्याचं पीक वाचवायला मी निघालो होतो, आणि पहिल्यांदा विझत होती तिची चूल. चांगलं करायला निघालेला माणूस त्याची किंमत नेहमी दुसऱ्याच्याच पदरातून काढतो की काय, असं वाटलं.

मी म्हटलं, "पऱ्हाटी घेऊन जा, पण बोंडं तोडून घे." ती म्हणाली, "बोंडं तोडाले दोन दिस लागतीन, दादा. त्याचा रोज कोन देईन?"

तो रोज मी देतो. आता वेचणी संपली की आधी शेळ्या-मेंढ्या वावरात सोडतो, त्या पाला आणि राहिलेली बोंडं बऱ्यापैकी खातात. उरलेली बोंडं ती तोडते, आम्ही ती जाळतो. साफ केलेल्या पऱ्हाट्या मृगाच्या आत जाळून संपवायचा प्रयत्न असतो. पावसाळ्याला आणि थंडीला तुरीच्या तुराट्या, गोवऱ्या, आणि धुऱ्यावर पुन्हा वाढू दिलेल्या बाभळींच्या फांद्या. पाणी पूर्वीइतकं कडक तापत नाही. बायको ते रोज ऐकवते.

यानं बोंडअळी गेली का? नाही. शेजाऱ्याचा ढीग आजही धुऱ्यावर उभा आहे आणि दरवर्षी माझ्या कपाशीत डोमकळ्या निघतात. त्याला सांगावं असं रोज वाटतं. पण ज्यानं इतकी वर्षं ढीग रचला, त्यानं कोणत्या तोंडानं सांगावं?

येत्या आमावस्येला बैलांना सुट्टी असते. त्या दिवशी त्याच्याकडे जाणार आहे. आधी 2017 च्या माझ्या ढिगाचं बोलेन. तो काय म्हणतो ते ऐकून घेईन. मग त्याच्या ढिगाचं.