मृगवन आणि पाहुणचार

मारण्याकरितां जें पाळावयाचें, त्यास पाळणें म्हणावें काय? कौटिल्यानें अर्थशास्त्रांत दोन मृगवनें सांगितलीं आहेत. एक राजाच्या विहारासाठीं, सभोंवार खंदक व आंत जाण्यास एकच द्वार असलेलें. दुसरें असें कीं, जेथें सर्व प्राण्यांस अतिथि मानावयाचें. दुसऱ्या वनाकडे सहृदय वाचकाचें मन सहज ओढलें जाईल. आमचेंही जातें. परंतु पहिल्या वनाची बाजू ऐकून घेतल्यावांचून निकाल देणें न्यायाचें होणार नाहीं.

काळवीट हा आपल्या मोकळ्या माळांचा प्राणी. १९३२ साली तो अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत नेण्यांत आला. पुढें तेथील जमीनदारांनीं आपल्या खासगी कुरणांत त्याची जोपासना केली. कारण त्याच्या शिकारीसाठीं हौशी लोक पैसे मोजतात. तेथें कळप इतके वाढले कीं, पाकिस्तानांत हा प्राणी नामशेष झाल्यावर १९७० च्या दशकांत टेक्सासहून कांहीं काळवीट तिकडे पाठविण्यांत आले. आपल्याकडेही कोल्हापूर संस्थानानें शिकारीसाठीं राखलेलें दाजीपूरचें रान १९५८ मध्यें अभयारण्य झालें. शिकाऱ्याच्या हौसेनें रानें राखलीं, हें नाकारतां येत नाहीं.

तरीही ज्या हरणाची किंमत त्याच्या शिंगांवरून ठरते, त्याचें रक्षण शिकाऱ्याच्या आवडीइतकेंच टिकावयाचें. आवड पालटली कीं कुरणाचा नांगर झालाच! म्हणून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळविटास अभय दिलें, तें आम्हांस सर्वथा योग्य वाटतें.

परंतु अभय दिलें म्हणजे अन्न दिलें, असें होत नाहीं. पैठण तालुक्यांतील बिडकीन पाहा. एकेकाळीं निजामाच्या राज्यांत असलेल्या या गांवाच्या शेतजमिनीवर आतां दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यांतील नगर वसत आहे. मराठवाड्यांत जेथें जेथें असे माळ व शिवार आटतें, तेथें हरणांनीं जावें कोठें? शेजारच्या ज्वारींत, नाहींतर कोवळ्या हरभऱ्यांत! शेतकऱ्यास त्यांजवर हत्यार उचलतां येत नाहीं, आणि बहुधा त्याच्या मनांतही तें नसतें. तो राखण करितो, हाकलतो, आणि नुकसान झाल्यावर पंचनाम्याची वाट पाहतो.

येथें नीतीचा खरा प्रश्न उभा राहतो. अतिथीस वाढणारा यजमान आपल्या ताटांतला घास देतो. शेजाऱ्याच्या कोठारांतून दाणे काढून तो पाहुणचार करीत नाहीं. शहरांत राहून हरणांविषयीं कळवळा बाळगणाऱ्यांच्या वांट्यास अहिंसेचें पुण्य यावें आणि तिचा खर्च मात्र कोरडवाहू शेतकऱ्याच्या नांवें पडावा, यास दया म्हणणें कठीण आहे. टेक्सासचा जमीनदार निदान आपल्याच जमिनींत हरीण चारतो.

तेव्हां जो शेतकरी हरणांसाठीं आपली पट्टी पडीक राखील, त्यास नुकसान होण्याची वाट न पाहतां, दरसाल, पिकाच्या तोलाचा मोबदला सार्वजनिक तिजोरींतून मिळावा. म्हणजे तो भार करांच्या रूपानें आपणां सर्वांवर पडेल. शिकारी मारण्यासाठीं जी किंमत आनंदानें देतो, ती न मारण्यासाठीं देण्यास आपण तयार आहों काय? दुसऱ्या मृगवनाचें कुंपण या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभें आहे.