मागे घेणे

अर्ज मागे घेतात, खटला मागे घेतात, पाऊल मागे घेतात, बोललेला शब्दही मागे घेतात. क्रियापद एकच, पण प्रत्येक ठिकाणी त्याचे नैतिक वजन वेगळे. आपण मात्र या साऱ्यांवर एकच शिक्का मारून टाकतो: माघार, म्हणजे हार. मग चुकीचा शब्दसुद्धा परत घ्यायला माणूस तयार होत नाही. सवाल इज्जतीचा होऊन बसतो.

आमच्या पूर्णगडला, मुचकुंदी नदी समुद्राला मिळते त्या किनाऱ्यावर, हा गैरसमज खरे तर टिकू नये. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. नौका मागे, सुरक्षित जागी घेतल्या जातात. त्याला कोणी हार म्हणत नाही. मासळीला वाढायला अवधी मिळावा आणि माणसाचा जीव तुफानातून वाचावा, हा त्यामागचा हिशेब असतो.

आम्ही उर्दू माध्यमात शिकवतो. दोन भाषांत वावरताना ‘रुजू’ या शब्दाची गंमत वाटते. मराठीत शिक्षक शाळेत रुजू होतो, म्हणजे हजर होतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ परत फिरणे. उर्दूत आपल्या कौलापासून रुजू करणे म्हणजे बोललेले मागे घेणे. आम्हाला तर यात एक सूत्रच दिसते. शब्द मागे घेणारा पळून जात नाही, तो पुन्हा आपल्या जबाबदारीवर हजर होतो.

शरियतमध्येही हाच शब्द आहे. पहिल्या व दुसऱ्या तलाकनंतर इद्दतीच्या मुदतीत पतीला रुजू करता येते. रागाच्या भरात उच्चारलेल्या शब्दाला परतीची वाट ठेवलेली आहे. एका दमात तीनदा तलाक म्हणण्याच्या प्रथेने ती वाटच बुजवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो खटल्यात ती प्रथा रद्द ठरवली. पण रुजूलाही अट आहे. केवळ छळण्यासाठी पत्नीला परत घेऊ नये, अशी कुरआनची ताकीद आहे. म्हणजे मागे घेणे आपोआप नेक ठरत नाही. त्याची किंमत कोण मोजतो, हे पाहावे लागते.

फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे पेटवून पोलिसांना मारले. तेव्हा गांधीजींनी सविनय कायदेभंगाचे आंदोलन थांबवले. अनेक सहकारी नाराज झाले. ते बरोबर की चूक, हा वाद आजही चालतो. पण त्यांनी स्वतः पाच दिवसांचा उपवास केला, हे विसरता येत नाही. हाक आपली होती, म्हणून ती मागे घेताना तोशीसही आधी स्वतःला लावून घेतली.

या कसोटीवर आपल्या घरातले एक ‘घेणे’ तपासून पाहू. चांगला पैगाम आला की मुलीला शाळेतून ‘काढून घेतले’ जाते. पुढे मुलाकडचे पैगाम मागे घेतात. मुलाची नोकरी तशीच राहते, वडीलधाऱ्यांचा मानही फारसा कमी होत नाही. मुलीचा दाखला तेवढा कपाटात पडून राहतो. दोन घरांनी दोनदा मागे घेतले आणि दोन्ही वेळची किंमत तिने मोजली.

आपला राग, आपला हट्ट, आपला दावा मागे घेण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि त्यात कमीपणा नाही. दुसऱ्याला दिलेला भरवसा मात्र दिल्या क्षणापासून त्याचा होतो. मुलीची शाळा तर मुलीचीच असते. जे आपले नाही, ते मागे घेणार कसे? आणि घेतलेच असेल, तर नव्या वर्षी तो दाखला घेऊन तिच्यासोबत शाळेच्या दारात उभे राहावे. रुजू होणे यालाच म्हणतात.