निराश्रिताची झोप आणि सार्वजनिक जागा

२९ जानेवारी २०२१ रोजी, ऐन थंडीत, इंदूर नगर निगमच्या गाडीतून काही वृद्ध, निराश्रित माणसे शहराबाहेर नेण्यात आली आणि देवास रस्त्यावरील क्षिप्रा गावी उतरवण्यात आली. गावकऱ्यांनी हटकले तेव्हा त्यांना पुन्हा गाडीत चढवावे लागले. पुढे निलंबनाची कारवाई झाली. प्रकरण मिटले, प्रश्न मात्र उरला. ज्याला घर नाही, त्याला सार्वजनिक जागेत झोपू द्यावे काय?

विरोधी बाजू पोकळ नाही. पदपथ चालण्यासाठी असतो; तो अडला की शाळेला निघालेले मूल रस्त्यावर उतरते. मुंबईतील पदपथवासीयांच्या खटल्यात, ओल्गा टेलिस प्रकरणात, सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १९८५ साली हेच ओळखले. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असे न्यायालयाने मान्य केले. परंतु पदपथावर वस्ती करण्याचा हक्क कोणासही नाही, असेही सांगितले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०२४ साली उघड्यावर झोपणाऱ्यांना दंड करण्याची नगरांना मोकळीक दिली.

येथे एक भेद करणे आवश्यक वाटते. जागा बळकावणे वेगळे आणि रात्रीपुरते अंग टेकणे वेगळे. पहिल्यात स्वामित्वाचा दावा आहे. दुसऱ्यात केवळ देहधर्म आहे. झोप टाळता येत नाही आणि ती कुठेतरीच घ्यावी लागते. खासगी जागा ज्याच्यापाशी नाही, त्याला सर्व सार्वजनिक जागाही बंद केल्या, तर आपण त्याला विशिष्ट ठिकाणी नव्हे, झोपण्यासच मनाई करतो. जे टाळणे माणसाच्या हाती नाही, त्याला अपराध कसे म्हणावे?

कन्नौदहून नेमावरकडे गेले की नर्मदेचा घाट लागतो. परिक्रमावासी तेथे मंदिराच्या ओसरीवर पथारी टाकतात. त्यांना कोणी उठवीत नाही, उलट शिधा विचारतात. अहिल्याबाईंच्या धर्मशाळांचा वारसा सांगणाऱ्या या माळव्यात वाटसरूला आसरा देणे हे पुण्य आहे. तीच पथारी मजुराने बसस्थानकावर टाकली की तो उपद्रव ठरतो. दोघांची झोप एकच. फरक आपल्या आदरात आहे. म्हणजे आपल्याला खुपते ती अडचण नव्हे, दारिद्र्याचे दर्शन.

यावर रैनबसेऱ्यांकडे बोट दाखवले जाते. शहरी भागात लाख लोकवस्तीमागे एक निवारा असावा, असे धोरण आहेच. परंतु २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे १७.७ लाख बेघर नोंदले गेले. शिवाय निवारा कामाच्या जागेपासून दूर असेल, पती-पत्नीला वेगळे झोपावे लागत असेल, गाठोडे ठेवण्यास जागा नसेल, तर तो कागदावरच राहतो.

म्हणून उत्तर असे द्यावेसे वाटते : पदपथावर कायमचा हक्क कोणाचाच नाही, पण जोवर निराश्रिताला खरोखर पोहोचता येईल असा निवारा आपण दिलेला नाही, तोवर त्याला झोपेतून उठवण्याचा नैतिक अधिकारही आपला नाही. वाट मोकळी ठेवण्याची अट त्याला जरूर घालावी. क्षिप्रेच्या गावकऱ्यांनी तो अधिकार नाकारला, हे योग्यच झाले. मात्र ती माणसे त्याच रात्री आपल्या ओसरीवर आली असती तर आपण काय केले असते, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.